रघूकाकांचा डावा पाय

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. सांगायला तोंड उघडतो आणि भलतंच काहीतरी बोलून बसतो. आज मात्र लिहूनच टाकतो. तुम्ही नुसतं ऐका.

आधी घर सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लालबागेतल्या चाळीत आमची एक खोली. वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते. कापसाच्या धुळीने छाती भरली आणि घरी बसले. मग आईने खानावळ घातली. गिरणीतले गडी पाळीप्रमाणे येऊन जेवत, आणि त्यांच्यामागून तव्यात-टोपात उरेल ते आमचं. कधी नुसतं कालवण उरायचं, कधी नुसता भात. त्या घरातून मी बी. ए. झालो. आमच्या कुळात पहिला. हे सांगताना मान ताठ होते — अजूनही होते, लपवत नाही.

आईकडे जेवणाऱ्यांत एक होते रघूकाका. नातं काही नाही. कोकणातले, आमच्याच बाजूचे, म्हणून काका. गिरणीच्या हजेरीवर त्यांचं नाव, पण खरं काम मैदानावर. फुटबॉल! डाव्या पायाचा असा खेळाडू गिरणगावाने पुन्हा पाहिला नाही. बूट सक्तीचे नव्हते तेव्हा घोट्याला पट्ट्या गुंडाळून, अनवाणी, ते देशाकडून खेळले होते. वय विचारलं की म्हणायचे, तीस. मी शाळेत होतो तेव्हा तीस, मी बी. ए. झालो तेव्हाही तीसच. मिशीत पांढरा केस दिसला की आईची आरशी मागून घेऊन उपटायचे. त्या माणसाला 'म्हातारा' म्हटलेलं तेवढं सहन होत नसे.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. देशाचा संघ परदेशी जायचा होता, आणि चाळीच्या गॅलरीत रोज दोनच वाद — मुंबई कोणाला मिळणार, आणि रघूला पहिल्या अकरांत घेणार की नाही. "आता पोरांना जागा द्या की," असं कोणी म्हणालं की दुसरा उसळायचा, "पोरांना त्याच्या पायातला बॉल तरी काढता येतो का?" मला विचारायचे, कारण मी शिकलेला. मी म्हणायचो, घ्यायलाच हवं. तेव्हा मनापासून म्हणायचो.

मग फोर्टातला मोर्चा झाला. मी गेलो होतो. गिरणीच्या ऑफिसात नुकताच कारकून लागलेलो, अजून कायम व्हायचा होतो, तरी गेलो. लाठी सुरू झाली आणि मी पडलो. मागून रघूकाका आले, मला काखेत धरून उभं केलं, पुढे ढकललं. माझ्या पायांवर येणारी काठी त्यांच्या डाव्या घोट्यावर बसली. तो आवाज मी ऐकला.

आणि पळालो. मागे वळून पाहिलं का? नाही.

संध्याकाळी ते लंगडत आले. हाड शाबूत होतं. हाडवैद्य म्हणाला, थोडे दिवस पाय टेकू नका, पूर्वीसारखे धावाल. आईने आंबेहळदीचा लेप लावला. आणि रघूकाकांनी जेवायला बसलेल्या सगळ्यांसमोर माझी थट्टा केली, "अरे, ह्या बी. ए.क टीमीत घेऊक होयो! लाठी बघल्यान नि असो धावलो, असो धावलो — मी सुद्धा मागे रवलंय!" पंगत खो खो हसली. आईसुद्धा. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी पानावरून उठलो. एक तर ती थट्टा खरी होती. आणि दुसरं — हे ऑफिसात कळलं तर?

त्याच आठवड्यात निवड समितीचे एक गृहस्थ गिरणीच्या मैदानावर आले. सोबत आमचे लेबर ऑफिसर. त्या दिवसांत कोणी लंगडताना दिसला की पहिला प्रश्न ठरलेला — कुठल्या मोर्चात होतास? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा — सोबत कोण होतं? टीमचं इंग्रजी बोलायचं काम माझ्याकडे. रघूकाका मला सकाळीच म्हणाले होते, "जिन्यावरसून पडलंय म्हणून सांग. थोड्या दिवसांत उभो रवतंय म्हण. तुझ्या इंग्लिशीत नीट सांग हां, झिला."

ते पँटच्या आत पट्टी लपवून, दात आवळून, सरळ चालत आले. दहा पावलांत घाम फुटला. गृहस्थांनी मला इंग्रजीत विचारलं, हे दुखणं आहे, की वय?

जिना ओठावर होता. आठवत नव्हता असं नाही. पण जिन्याची चौकशी झाली असती, चाळीत कोणीतरी बोललं असतं. वयाची चौकशी कोण करतो? आणि — हेही लिहितो, हेच तर लिहायचं होतं — ती पंगत अजून माझ्या कानात हसत होती.

मी म्हणालो, "एज, सर."

रघूकाकांना इंग्रजी येत नव्हतं. पण हा शब्द येत होता. प्रत्येक स्पर्धेच्या वेळी त्यांना तोच विचारला जायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

संघ त्यांच्याशिवाय गेला. गणपतीत रघूकाका पुन्हा मैदानावर उतरले आणि शेजारच्या गिरणीला एकट्याने फिरवून फिरवून दमवलं. मी कडेला उभा होतो. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

ते आमच्याकडेच जेवत राहिले. फक्त त्या दिवसापासून मला 'अरे' म्हणाले नाहीत. "या, बसा. ऑफिस कसं आहे तुमचं?" चाळीला वाटलं, बी. ए. झालेल्याला मान देतायत. आईला तर कौतुक वाटलं! आणि मिशीतला केस उपटायला त्यांनी पुन्हा कधी आरशी मागितली नाही. वर्षभरात ते पांढरे दिसायला लागले. मग गावी गेले.

त्यांना हे सांगण्यासारखं काही नाही. त्यांना सगळं ठाऊकच आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं. गॅलरीत अजून वाद निघतो, आणि कोणीतरी म्हणतंच, रघूचं वयच झालं होतं तेव्हा. मी इतकी वर्षं मान डोलावत आलो. आज लिहिता लिहिता छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतंय. उरल्यासुरल्यावर वाढलेला मुलगा जेवून उठावा आणि चक्क पोट भरलेलं असावं, तसं.

मुंबईसह महाराष्ट्र झाला. मी नोकरीत कायम झालो. रघूकाका देशाकडून पुन्हा खेळले नाहीत.

त्यांचं वय झालं नव्हतं. हे एक वाक्य मला लिहायचं होतं. ते आज लिहून झालं.