काळी राख, पांढरी राख

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओझरला विघ्नहराच्या रांगेत उभा होतो. पहिलं काय आठवलं, तर त्यांना एक गोष्ट सांगायची राहिलीच. तीन शब्दांची होती, आणि मी ती कितीतरी वर्षं जिभेवर घोळवत होतो... "मामा, माझं चुकलं."

घोडेगावहून एसटीनं डोंगरात चढत गेलं की मामांचं गाव, मामांची भातखाचरं. उन्हाळा सरताना मामा भाताचं तूस पत्र्याच्या जुन्या डब्यात जाळायचे आणि ती काळी राख रोपाच्या वाफ्यात मिसळायचे. पुढे पीक वाढलं की एक पान अंगठ्यावरून ओढून बघायचे. कापलं की खूश. "पान कापतंय म्हंजी खोड उभं ऱ्हाणार."

नव्वदच्या दशकात मी शेतीची पदवी घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "राखेत काही नसतं मामा, युरिया वाढवा." मामानं भाच्याचा शब्द मोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत, आणि मामांनी नेमकी तीच पाळावी? त्यांनी डबा पडवीत उलटा घालून ठेवला. भात असं हिरवंगार आलं, की मी कॅमेरा घेऊन गेलो. मामांनी पान ओढलं. "मऊ लागतंय रं, भाचेराव."

"चांगलंच आहे की!" मी म्हणालो.

पंधरा दिवसांत वारा सुटला आणि अख्खं खाचर आडवं झालं. जे उभं राहिलं त्यात करपा रोग शिरला. मामा बांधावरून बघत म्हणाले, "लई दमलं व्हतं वाटतं... झोपलं." बस्स, एवढंच. त्या वर्षी भात पिकवणाऱ्या घरात दुकानातला तांदूळ शिजला. एक सणसणीत शिवी हासडली असती तर मी तरी सुटलो असतो!

पुढे दोन हजारनंतर कधीतरी घोडेगावात एक प्रशिक्षण झालं. तिथं कळलं, तुसाच्या राखेत सिलिकॉन असतं. भाताची मुळं ते पाण्यातून ओढून घेतात, मग पानांना, खोडांना काचेसारखी कडक कातडी येते. पीक लोळत नाही, रोगालाही सहजी आत शिरता येत नाही. माणसाच्या हाडांतही ते थोडं असतं म्हणे. माझ्या कण्यात ते घालायचं राहून गेलं असावं. कारण माफी मागायला म्हणून मी थेट मामांकडे गेलो, आणि तोंडातून निघालं काय? "मामा, यापुढे राख टाकत चला. सिलिकॉन असतं तिच्यात."

"आसं व्हय? बरं झालं सांगितलंस," मामा म्हणाले. त्यांचे हात कोपरापर्यंत राखेनं काळे होते. भात लोळलं त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी डबा पुन्हा सुलटा केला होता, मला न सांगता.

आता पेरणी तोंडावर आली, म्हणून गेल्या आठवड्यात मीच तूस जाळायला बसलो. शास्त्र मला पाठ. तासाभरानं डब्यात पांढरीशुभ्र राख.

"लई जळली, ही गेली वाया," मामी म्हणाली. "काळी हाय तवाच पाणी मारायचं. ते सांगायचे की."

"मामी, त्या वर्षी माझं चुकलं होतं."

"आता मला सांगून काय उपेग?" तिनं तुसाची पाटी पुढे सरकवली.

मी डबा पुन्हा भरला, पेटवला आणि तांब्या घेऊन टक लावून उभा राहिलो. काळं दिसताच पाणी ओतलं. धूर निवला. मामीनं काडीनं ढवळून पाहिलं. खाली तूस तसंच, पिवळं, कोरडं.

"घाई केलीस," ती म्हणाली.