आडनावं गाळणारे सर

अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात आमच्या सरांइतका हट्टी वकील झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी प्रार्थना मी त्यांची ज्युनिअर असताना रोज सकाळी करत असे. घरात तीन पिढ्यांची वकिली, पण उलटतपासणीची खोड कोर्टापुरती ठेवावी हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. क्रांती चौकात पेरू घेतानाही ते गाडीवाल्याला विचारायचे, "आज सकाळी तोडलेत हे तुम्ही स्वतः पाहिलं, की ऐकीव आहे?" गाडीवाला म्हणायचा, "वकीलसाब, पेरू लो, गवाही मत लो." सर एवढे खूश व्हायचे की किलोभर जास्त घ्यायचे.

पण सगळ्यात मोठा हट्ट आडनावांचा. ऑफिसच्या पाटीवर आम्हा चौघा वकिलांची नुसती नावं, तीही वर्णानुक्रमानं, त्यामुळे खुद्द सर तळाशी. आपल्याकडे पक्षकार वकिलाआधी त्याचं आडनाव शोधतो, हे लॉ कॉलेजात कोणी सांगत नाही. कोर्टाच्या आवारात ते आठ दिवसांत कळतं. चितेगावच्या आमच्या वस्तीतून काळा कोट घालणारी मी पहिली. माझं पूर्ण नाव ऐकलं की लोक "बरं, बघू" म्हणून शेजारच्या टेबलाकडे वळत. सरांना कोणी विचारलं, "आमच्यातला वकील कोन हाय?" की सर उलट विचारत, "भांडण कशाचं?" "बांधाचं." "मग बांधावर वाढलेला वकील देतो," असं म्हणून फाईल माझ्या हातात.

शेंद्र्याकडच्या एका आप्पांची फाईल मला अशीच मिळाली. शेजाऱ्यानं बांध सरकवून त्यांची जमीन दाबली होती. मी एकटीनं चालवायची ती पहिलीच केस. ती हातची गेली असती तर आवारभर बोभाटा झाला असता आणि दुसरी कोणी दिली नसती. नेमके त्या शेजाऱ्याच्या उलटतपासणीच्या सकाळी आप्पा गाल फुगवून आले. सुनेनं घरी वकीलपत्र वाचून दाखवलं होतं, माझ्या आडनावासकट. माझ्यादेखत ते सरांना म्हणाले, "साहेब, आज तुमीच उभं ऱ्हावा. बाईंचं काय नाय, पर आमच्या भावकीत लोकं इचारत्यात."

"मी फाईल वाचलेली नाही," सर म्हणाले आणि चक्क निघून गेले. मला त्यांचा असा राग आला! हट्ट त्यांचा, आणि वकिली पणाला लागली माझी.

पुकारा झाला. आप्पा मागच्या बाकावर तोंड पाडून बसले. मी शेजाऱ्याला विचारलं, "बांधावरचं गवत कोण कापतं?" माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या बांधांवरचं गवत कापलं, त्यामुळे एवढा विषय मला पक्का ठाऊक होता.

"आमच्याच बाया कापत्यात. लई वर्सं झाली," तो ऐटीत म्हणाला.

"यंदा किती भारे निघाले?"

"यंदा कुटलं? गवतच नाय उगवलं."

"आणि आजूबाजूच्या बांधांवर?"

"तिथं हाय की, गुडघ्याएवढं."

बोलून गेला आणि मग आपल्या वकिलाकडे बघायला लागला. जुन्या बांधावर गवत असतंच. नुकत्याच ओढलेल्या मातीवर ते नसतं. न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आप्पा टोपी हातात घेऊन माझ्यापुढे आले. म्हणाले, "फुडल्या तारखेला तुमीच उभं ऱ्हावा, वकीलबाई. भावकीला मी बघतो." माझा जीव भांड्यात पडला.

सर सापडले जिन्याखाली. कोर्टात शिरायचा धीर न झाल्यामुळे ते सगळा वेळ तिथेच येरझारा घालत होते. घडलेलं सांगितलं तसे ते पायरीवर मटकन बसले. "सुजाताबाई, फाईल मी तीनदा वाचली होती. पण मी उभा राहिलो असतो तर ती कायमची माझी झाली असती. माझं काय जाणार होतं म्हणा! तुम्हाला न विचारता तुमच्या जिवावर हट्ट केला. चुकलं माझं."

कोणा मोठ्या माणसानं मला असं म्हणण्याची ती पहिलीच वेळ. राग कुठल्या कुठे गेला, आणि सुटकेच्या भरात त्यांना साधा चहा विचारायचंही मला सुचलं नाही. आता गुडघ्यांमुळे सर कोर्टात येत नाहीत. माझ्याकडे फाईली पुष्कळ आहेत, सगळं बरं चाललंय. पण पुकाऱ्याला उभी राहते तेव्हा जिन्याखाली माझ्यासाठी घाबरलेलं कोणी नसतं, याची अजून सवय झालेली नाही.