मी दाखवलेला शार्क

ओल्या कुत्र्याच्या अंगाचा वास—त्यात मीठ, वाळू आणि सासूबाईंच्या केसांतले खोबरेल. तो आठवला की मला अजून हसू फुटते. आणि हसता हसता जीभ अडते. कारण आता जे तुम्हाला सांगते आहे, ते मी घरातही कुणाला सांगितलेले नाही.

भिलाईच्या आमच्या मराठी मंडळींत, कोजागिरीला, मी दरवर्षी समुद्राच्या कविता वाचत असे. समुद्र पाहिलेला नसताना—हो, एकदाही! टाळ्या मात्र खऱ्या होत्या. त्या कविता ऐकूनच सासूबाईंनी सत्तरीत हट्ट धरला: समुद्रात एकदा न्हायचे. म्हणून भिलाईतल्या आमच्या वैशाली नगरातून भाड्याच्या गाडीने आम्ही पुरी गाठली—त्या, हे, मी आणि आमचा कुत्रा भुऱ्या.

भुऱ्याने थेट लाटांत उडी घेतली. सासूबाई घोटाभर पाण्यात, पदर खोचून, पोरीसारख्या किंचाळत होत्या. "ये नं वं! तुह्याच कवितेतला हाय नं समुद्र?"

आणि मी? पहिली लाट धावून आली तेव्हा मी—कसे सांगू?—उलट्या पावली मागे पळाले. भीती वाटते, एवढे दोन शब्द का उच्चारता आले नाहीत? मी बोट रोखले आणि ओरडले, "शार्क! तो बघा त्याच्या पाठीवरचा काळा पर!"

तिथे काहीच नव्हते. लखलखते, निरागस पाणी.

सगळे धावत बाहेर आले. वर मी विद्वत्ताही पाजळली—कुत्र्याच्या पायांची धडपड जाणवून शार्क जवळ येतो. सांजेला, किंवा कोळी मासे साफ करतात तिथे, उतरू नये. वाचलेले सारे खरे होते. पाहिलेले तेवढे खोटे.

तीन दिवस सासूबाई भुऱ्याचा पट्टा धरून वाळूत बसल्या. शेवटी ह्यांनी लॉजच्या बादलीत समुद्र आणला. तिच्यात पाय बुडवून त्या म्हणाल्या, "झालं माह्यं समुद्रस्नान!" आणि हसल्या. ते हसू मी पाच वर्षे उरात वागवले.

यंदा त्यांनीच पुन्हा पुरीला जायचे काढले. लख्ख सकाळ. आधी त्यांनी एका कोळ्याला गाठले, "भैया, कुत्ते को खानेवाली मच्छी है क्या इधर?" तो पोट धरून हसला. मग त्या निघाल्याच! कमरेएवढ्या पाण्यात लाटेने त्यांना लोळवले. उठल्या, पाणी थुंकत, खिदळत—आणि भुऱ्या त्यांच्याभोवती भुंकत, वेडा झालेला.

मी कोरड्या वाळूत. पायांत चपला तशाच.

त्या निथळत माझ्यापाशी आल्या. माझ्या कोरड्या चपलांकडे पाहिले, मग लाटांकडे. डोळ्यांत मिश्कील काहीतरी लकाकले. मग ओल्या, खारट हाताने त्यांनी माझे मनगट धरले.

"चाल."