पोपटाचा पूर्ण पत्ता

समस्त जळगावकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या लीलाअक्का नुसत्या नावावर कुणाचीही ओळख मान्य करीत नसत. 'पोपट' म्हटलं की भुवया वर. "कोणता पोपट? पूर्ण पत्ता सांगा!" पूर्ण पत्ता म्हणजे गण, कुल, प्रजाती, जाती. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचा वर्ग सुटला, पण आम्ही सुटलो नाही. दूध आणायला निघालेल्या मला त्यांनी गॅलरीतून कावळ्याचं कुल विचारलेलं आहे.

समोर डाळ मिलवाले शांतिलालशेठ. त्यांना जावयाने सन कोन्यूर भेट दिला. दक्षिण अमेरिकेतला पोपट, सोनेरी अंग, केशरी गाल आणि मिलच्या भोंग्याने लाजावं असा आवाज. शेठ पडले जैन. पिंजऱ्यातला जीव बघून त्यांना घास उतरेना. पर्युषणात त्यांनी ठरवलं, यावलच्या केळीच्या बागांत त्याला मोकळं करायचं. गाडी दारात, पिंजरा मांडीवर, निरोपाला गल्ली जमलेली. तेवढ्यात अक्का तरातरा येऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडून थेट भडगावची अहिराणी निघे.

"शेठ, हाई काय करी राह्यनात? त्यानं घर आठे नही शे!"

"जीवदया आहे अक्का, टोकू नका. तिकडे पोपटांचे थवे आहेत, मिसळून जाईल."

"गण एक, पण कुल वेगळं! आपल्या पोपटाचं सिटॅक्युलिडी, याचं सिटॅसिडी."

शेठ विचारात पडले. "म्हणजे सोयरीक जमणार नाही?"

"नाही. आणि पिंजऱ्यात जन्मलेला हा, पाणी कुठे शोधायचं हेही त्याला ठाऊक नाही. मरेल. तिकडे गयानात, ब्राझीलमध्ये लोकांनी पकडून पकडून हे संपवत आणलेत. इथे आहे तो तुम्ही घालवा!"

शेठ गाडीतून उतरले. गच्चीवर खोलीएवढं जाळीचं घर झालं. अक्का रोज संध्याकाळी मक्याचं कणीस घेऊन जात, मागोमाग मीही. मी ठिबकचे पाइप विकणारा माणूस; नजर कायम जमिनीकडे. आता रोज पहाटे वेड्या राघूंची, त्या माश्या टिपणाऱ्या हिरव्या पाखरांची, रांग तारेवर दिसते आणि दिवस बरा जातो, ही अक्कांची देणगी.

पण शेठचा जीव दर पर्युषणात पुन्हा कासावीस होई. "अक्का, यंदा सोडू?"

"आधी त्याचा पूर्ण पत्ता बिनचूक सांगा, मग बोलू."

शेठ कुलापाशी हमखास अडखळत आणि पोपट राहून जाई.

शेवटच्या आजारात अक्कांना औषधाची नाही, या पोपटाचीच काळजी. "माझ्यामागे शेठ त्याला सोडतील रे," त्या मला म्हणाल्या.

दहाव्याला गिरणाकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर ओळीने बसलेले, एक हलेल तर शपथ. अक्कांच्या भाच्याने कबूल केलं, पुस्तकं कॉलेजला देऊ. मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचं वचन दिलं. ढिम्म. आमचे विधी न मानणारे शेठ लांब उभे होते. ते एकाएकी पुढे आले, हात जोडले. कावळा नेमका कधी उतरला यावर गल्लीत अजून वाद आहे, कारण सगळे शेठकडे बघत होते. ते नदीकाठ दणाणेल असे ओरडले होते:

"अक्का, गण सिटॅसिफॉर्मिस, कुल सिटॅसिडी, प्रजाती अराटिंगा, जाती सोल्स्टिशियालिस! पत्ता पाठ आहे, तरी नाही सोडणार!"