डावीकडे गेलेला हात

मंडळी, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावं, सतरंजी ऐसपैस आहे. आज सांगणार आहे ते पुराणातलं नाही. तरी ऐकून उठताना हात आपोआप जोडले जातील, एवढा शब्द देतो.

कॅप्टन हेमांगी लोंढे विमान चालवतात, दोनशे माणसांचं. आपण तिला हेमाच म्हणू, कारण तिला तशी हाक मारणारा माणूस आता येणार आहे. या घटकेला ती कझाकस्तानातल्या अल्माटीच्या एका हॉटेलात पडली आहे. बाहेर भर दुपार, पण पडदे असे जाड की खोलीत तिन्हीसांज झालेली. टेबलावर एक कागद आहे. त्यावर सगळं लिहून झालंय, फक्त सही राहिली आहे. पाच वाजता कंपनीचे चौकशी अधिकारी खाली येणार आहेत.

काल सकाळी काय झालं ते आधी ऐका. विमानाने इथली जमीन सोडली आणि उजवं इंजिन तोफेसारखं धडाडलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. आता, इंजिन बिघडलं की वैमानिकाने एकट्याच्या मनाने काही करायचं नाही, ही त्या धंद्यातली रीत. एकाने त्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा आणि तोंडाने विचारायचं, 'दोन नंबर, कन्फर्म?' दुसऱ्याने डोळ्यांनी पाहून 'कन्फर्म' म्हणायचं. मगच लिव्हर मागे. हेमाने विचारलंच नाही. तिचा हात सरळ एक नंबरवर गेला. डाव्या, धडधाकट इंजिनावर. शेजारी सहवैमानिक होता, मिरजेचा इरफान मुजावर. त्याने तिच्या हातावर आपला तळवा दाबून धरला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, दोन नंबर. कन्फर्म?"

बस्स, इतकंच. लिव्हर सूतभरही हलली नाही, म्हणून यंत्रात चुकीची कसलीच नोंद नाही; आवाजाच्या टेपवर आहे ते रीतीचंच वाक्य. विमान परत उतरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका आजीबाईंनी हेमाचा गालगुच्चा घेतला. जिना उतरताना इरफान म्हणाला, "मॅडम, मी काही पाहिलं नाही." आणि कागदावर हेमाने लिहिलं, सर्व कृती नियमाप्रमाणे.

तेव्हापासून तिला घास उतरत नाही. फोन उघडते, नावं वर-खाली करते, 'आप्पा' या नावाशी थांबते. आप्पांना, तिच्या वडिलांना, जाऊन चार वर्षं झाली. ते गेले तेव्हा ती समुद्रावर कुठेतरी पस्तीस हजार फुटांवर होती. नंबर पुसायचा धीर तिला अजून झालेला नाही. आणि दुसरं कोण आहे, ज्याला हे सांगावं?

डोळे मिटतात. एसीची घरघर एका सुरात लागते. उशीचा गारवा गालावरून सरकत सरकत काचेचा गारवा होतो, आणि काचेपलीकडे ढग आहेत.

ती कॉकपिटमध्ये बसली आहे. मागे कोणीतरी खाकरतं.

"दार लोटून घे गं. वारा येतोय."

ती वळून बघते. मागे तिसरी खुर्ची आहे. अशी खुर्ची आता विमानात नसते. पूर्वी असायची, फ्लाइट इंजिनियरची. इंजिनांची उष्णता, वेग, तेल, सगळं त्या एका माणसाच्या डोळ्यांत आणि कानांत. पुढे संगणक आला आणि खुर्ची गेली. तिच्याबरोबर एकावन्नाव्या वर्षी आप्पा जमिनीवर आले आणि वर्गात खडू धरून शिकवू लागले. तेच यशवंत लोंढे आडवे बसले आहेत, मीटरच्या काट्यांच्या भिंतीकडे तोंड करून. अंगात गणवेशाचा पांढरा सदरा आणि वर घरातला बिनबाह्यांचा स्वेटर.

"आप्पा, तुम्ही इथे कसे?"

"खुर्ची रिकामी दिसली, बसलो. तू जेवलीस का?"

"नाही."

"तोंडावरून दिसतंयच. विमानातलं जेवण बघून माझंही असंच व्हायचं."

ती हसते. हसताना लक्षात येतं की पायाखाली गालिचा नाही, सतरंजी आहे. कॉकपिटच्या काचा कधीच्या देवळाच्या खिडक्या झाल्या आहेत. डोंबिवलीचं ते लहानसं राममंदिर. सभामंडपात माणसं बसली आहेत आणि कीर्तनाचे बुवा उभे राहतात तिथे एक उघडं इंजिन ठेवलंय, पाती मंद फिरताहेत. पात्यांवर कोणी झेंडूचा हार घातलाय. तो गुंतत नाही.

आप्पांच्या हातात झांजा आहेत. त्या न वाजवता ते विचारतात, "सांग बघू, याला राखणदार किती?"

लहानपणी पाढे म्हणावेत तशी ती म्हणू लागते, "आप्पा, मी लिव्हर पुढे करते ती नुसती विनंती असते. किती इंधन द्यायचं ते संगणक ठरवतो. त्याला मेंदू दोन. एक काम करतो, दुसरा तयार उभा असतो. आणि विमानाची वीज गेली तरी इंजिन स्वतःच्या फिरण्यातून त्यांना वीज पुरवतं."

"म्हणजे इंधन देणाऱ्याची चूल वेगळी. बरं, पाती फार जोरात फिरू लागली तर?"

"फिरू देत नाही. इंधन आवळतो."

"जमिनीवर सुरू करताना पोट तापलं?"

"इंधन बंद करतो, थांबवतो, गार करतो. मला विचारतही नाही."

"शहाणा आहे. आणि आग?"

"आगीसाठी दोन तारा, वेगवेगळ्या. दोन्ही ठीक असतील तर दोघींनी 'आग' म्हटल्याशिवाय घंटा वाजत नाही."

"वा! एकीच्या सांगण्यावर गाव पेटवायचं नाही." आप्पा मान डोलावतात. मग अगदी हळू विचारतात, "आणि हेमे, चांगलं इंजिन बंद करायला हात गेला तर?"

देवळातली माणसं तिच्याकडे बघतात. पाती फिरताहेत, आवाज मात्र नाही.

"तिथे राखणदार नाही," ती म्हणते. "बंद कर म्हटलं की बंद. संगणक समजतो, बाईला ठाऊक असेल."

"कोणीच नाही?"

"शेजारचा माणूस."

"त्याने राखलं?"

"राखलं."

"मग कागदात तो कुठाय?"

सभामंडप रिकामा होतो. माणसं उठून गेलेली दिसत नाहीत, फक्त नसतात. आता ती दोघं एका वर्गात बसली आहेत. फळ्यावर इंजिनाचं चित्र, बाकं लहान मुलांची. आप्पांचे गुडघे बाकात मावत नाहीत.

"माझा हात डावीकडे का गेला ते मला कळलंय, आप्पा," ती म्हणते. "सहा सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा होते ना, तिथे दर वेळी डावंच इंजिन बंद पाडतात. कागदावर तसंच छापलंय, कोणी बदलत नाही. नऊ वर्षं माझा हात तेच शिकला. धडाम झालं की एक नंबर."

"मग हे लिही की."

"लिहिलं तर मला विमानातून खाली बसवतील. खांद्यावरची चवथी पट्टी, कॅप्टनची, उतरवतील कदाचित. आप्पा, मला दुसरं काही नाही हो. घर म्हणजे कुलूप आहे नुसतं."

आप्पा बराच वेळ खडू बोटात फिरवतात.

"तुला आमचे आठवले बुवा आठवतात? भरताचं आख्यान रंगात आलं होतं, पादुका डोक्यावर घेतल्या, आणि बुवा म्हणाले, लक्ष्मण नंदिग्रामी राहिला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला आणि हळूच म्हणाला, बुवा, भरत. लोक रडण्यात गुंग होते, कोणाला पत्ता नव्हता. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. म्हणाले, मंडळी, चुकलो. यांनी सावरलं, आधी यांना नमस्कार करा."

"तुम्ही सांगायचात हे."

"हे सांगायचो. दुसरं नाही सांगितलं." आप्पांचा आवाज बारीक होतो. "मीही एकदा भलताच कॉक फिरवला होता, इंधनाची तोटी. दोन कॉक शेजारी शेजारी, एकसारखे. कॅप्टनने पाहिलं, मी परत फिरवला. दोघं गप्प बसलो. अकरा महिन्यांनी आमच्या ढवळ्याचा, दुसऱ्या फ्लाइट इंजिनियरचा, हात तिथेच गेला. माणसं वाचली. त्याची नोकरी गेली. मी त्याच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो गं, मुलीच्या बारशाला. तेव्हाही नाही बोललो."

"आप्पा..."

"इथे सगळं आहे. कीर्तन रोज आहे. पण ढवळ्या समोर आला की मी खांबाआड होतो."

तिला त्यांचा हात धरायचा आहे. बाक लांब होत जातं. आप्पा मात्र उठून जवळ येतात, स्वेटरच्या खिशातून चिमूट काढतात आणि उत्तररंगाआधी बुवांना लावतात तसा तिच्या कपाळाला बुक्का लावतात.

"चल, पुढचं आख्यान तुझं," ते म्हणतात. "मी मागे झांज धरतो."

एसी घरघरतो आहे. पडद्याच्या फटीतून उजेडाची रेघ भिंतीवर आली आहे. चार वाजून दहा मिनिटं. हेमा उठते, टेबलावरचा कागद मधोमध फाडते आणि फोन लावते.

"मॅडम? झोपला नाहीत?"

"झोपले होते. इरफान, पाच वाजता खाली ये. तुझा हात माझ्या हातावर होता, ते मी सांगणार आहे."

"मॅडम, कशाला? तुमची कमांड जाईल. मी अल्लाची शपथ घेऊन सांगतो, माझ्या तोंडून कधी..."

"माहितेय रे. म्हणूनच मी सांगते आहे."

पलीकडे इरफान खोलीचं दार लावून घेतो.

"मॅडम, एक बोलू? मागच्या परीक्षेत त्यांनी माझं पहिल्यांदाच उजवं इंजिन बंद पाडलं होतं. माझाही हात डावीकडे गेला. परीक्षक हसले, म्हणाले चहा कमी पीत जा. मी कोणाला सांगितलं नाही."

"मग आज दोघं सांगू."

"येतो. आणि मॅडम, आधी काहीतरी खाऊन घ्या. कालपासून नुसत्या पाण्यावर आहात. मी समोसे आणलेत खालून, इथे मटणाचे मिळतात... तुम्हाला चालत नाही ना. बटाट्याचं काहीतरी बघतो."

ती तोंड धुवायला जाते. नळ सुरू करून आरशात बघते आणि हात तसाच थांबतो. भुवयांच्या मधोमध काळी चिमूट आहे. बोट लावलं तर बोटाला येते. वास ओळखीचा, देवळातला. हेमा फक्त गाल पुसते, केस बांधते आणि कपाळ तसंच ठेवून खाली जाते.

तर मंडळी, तुम्ही कुठल्याही देवळात कीर्तनाला बसाल आणि मध्यंतरात बुक्क्याचं ताट तुमच्यापुढे येईल, तेव्हा एक चिमूट जास्त घ्या. ती ढवळ्यांच्या नावाने लावा. त्यांचं पहिलं नाव मला ठाऊक नाही. पण आठवण काढा त्यांची. आप्पा लोंढ्यांना खांबाआडून बाहेर यायचं आहे.