दारासमोरचा चौकोन

“नॉट हिम,” काका म्हणाले. “प्लीज. एनीबडी एल्स.”

माझ्या हातात थापी होती. गुडघे जमिनीला टेकलेले. समोर ओलं काँक्रीट. काका माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या डोक्यावरून आमच्या फोरमनशी, स्टॅनशी बोलत होते. मी जणू तिथं नव्हतोच.

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधली गोष्ट. दोन हजार सहाचा उन्हाळा. गॅसच्या जुन्या लाइनी बदलत होते. पाइपवाले चर खणायचे, पाइप टाकायचे आणि पुढं जायचे. मागून आम्ही. चर बुजवायचा, माती दाबायला प्रत्येक थरावर धुम्मस मारायची, वर डांबर नाहीतर काँक्रीट. रस्ता खणणारे वेगळे, पण शिव्या खाणारे आम्ही. त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मावशी इथं नर्स. तिनं अर्ज करून आईला बोलावलं, आईबरोबर बाबा आणि मी आलो. नागपूर सुटलं. बाबा गॅस स्टेशनवर लागले, मी धुम्मस मशीनवर. अंगात नारिंगी जॅकेट चढवलं की माणूस नुसता कामगार. स्टॅन पोलिश, हेक्टर मेक्सिकोचा आणि मी असाच कुणीतरी. हे कुणीतरी असणं मला फार आवडायचं. नागपुरात ते एक दिवसही वाट्याला आलं नव्हतं.

त्या दिवशी स्टॅननं पहिल्यांदाच माझ्या हातात थापी दिली. धुम्मस मारून हाडं खिळखिळी होतात आणि कुणी ढुंकून बघत नाही. थापीवाल्याला मान असतो. कितीतरी दिवस मी त्या थापीकडे डोळे लावून होतो. चर एका घराच्या थेट दाराशी गेला होता. दारासमोरचा काँक्रीटचा चौकोन स्टॅननं मला दिला.

घर मराठी होतं. काकू दारात फोनवर बोलत होत्या. “हो गं, ते मेक्सिकन आलेत. माझी तुळस नाही पाडली म्हणजे मिळवली.”

तुळशीची कुंडी सकाळी हेक्टरनं उचलून लॉनवर ठेवली होती. चिखलानं भरलेल्या हातमोज्यांनी. काकूंनी त्याला “थँक यू, थँक यू” म्हटलं होतं. आता काँक्रीटची ढकलगाडी न्यायला तिथूनही वाट हवी होती. मी कुंडी उचलली आणि म्हणालो, “काकू, मी ठेवतो नीट. काळजी करू नका.”

“अगंबाई! मराठी? अहो, बाहेर या, मराठी मुलगा आहे!”

काय तो आनंद! खोटा नव्हता. माझाही खोटा नव्हता. घराबाहेर कुणी मराठीत बोलल्याला किती काळ लोटला होता. मूर्खासारखा हरखलो मी.

काका बाहेर आले. “कुठला रे तू?”

“नागपूर.”

“वा! आमची ही पण नागपूरचीच. आडनाव काय?”

कुंडी अजून माझ्या हातातच होती. आडनाव सांगितलं.

“अच्छा,” काका म्हणाले.

एवढंच. पण तो ‘अच्छा’ मी ओळखतो. शाळेत ऐकलाय, भाड्यानं खोली शोधताना ऐकलाय. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. “ठेव. ठेव तिथंच. खाली ठेव,” त्या म्हणाल्या.

मी ठेवली. गाडी आली, काँक्रीट पडलं, थापी घेऊन मी बसलो. मागं पाण्याचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. काकू बागेच्या पाइपनं कुंडी धूत होत्या. हेक्टरचा चिखल सकाळपासून तिच्यावर वाळत होता. तो चालला होता. माझा हात चालला नाही.

मग काका स्टॅनकडे गेले. नॉट हिम.

स्टॅननं मला विचारलं, “व्हॉट डिड यू डू?”

त्याचं बरोबर होतं. काही केल्याशिवाय कुणी असं कशाला म्हणेल?

“आय टोल्ड हिम माय लास्ट नेम.”

त्याला ओ की ठो कळलं नाही. खांदे उडवून म्हणाला, “गो हेल्प हेक्टर. आय डोन्ट नीड अ कंप्लेंट.”

मी अर्धा उठलोही. उठ म्हटलं की उठायचं, हे आमच्या गुडघ्यांना शिकवावं लागत नाही. उठता उठता ती धुतलेली कुंडी दिसली. मी परत गुडघे टेकले.

“काका,” मी मराठीत म्हणालो, “हा चौकोन मीच करणार. मी नको असेन तर कंपनीला फोन करा. कारण सांगा. इंग्रजीत सांगा.”

काकांनी मोबाइल उघडला. हातात धरून उभे राहिले. स्टॅन त्यांच्याकडे बघत होता. “सो व्हॉट्स द प्रॉब्लेम, सर?”

काका मोठ्या कंपनीत मॅनेजर होते. इंग्रजी फाडफाड.

“नथिंग,” शेवटी म्हणाले. “इट्स ओके.” मोबाइल मिटला. दार लागलं.

मी चौकोन पूर्ण केला. स्टॅननं वाकून पाहिलं आणि मान हलवली.

पुढच्या आठवड्यात कंपनीकडे तक्रार आली. ‘फिनिशिंग इज नॉट अप टू द मार्क.’ कारण सापडलं होतं. सभ्य इंग्रजीतलं. त्या कामात खोट नाही हे स्टॅनला ठाऊक होतं. तरी त्यानं थापी काढून घेतली. मी परत धुम्मस मशीनवर.

बाबांना सांगितलं. ते नुकतेच कामावरून आले होते. छातीवर गॅस स्टेशनचा बिल्ला तसाच होता, त्यावर नाव ‘सॅम’. “कशाला सांगितलंस आडनाव?” ते म्हणाले. “मेक्सिकन आहे म्हणायचं. आपण भलं, आपलं काम भलं.”

मला बाबांचा राग आला नाही. त्या बिल्ल्याचा आला. इतक्या लांब येऊन सॅम व्हायचं?

मी हेल्मेट घेतलं आणि जाड काळ्या मार्करनं पुढच्या बाजूला आडनाव लिहिलं. मोठ्या अक्षरात. मराठीत.

सकाळी स्टॅननं विचारलं, “व्हॉट इज दॅट?”

“माय लास्ट नेम.”

“नोबडी कॅन रीड इट.”

“जे आडनाव विचारतात, त्यांना वाचता येतं,” मी म्हणालो. मराठीतच म्हणालो.

आता कुठल्याही गल्लीत चर बुजवत असलो की कधीतरी एखादं दार उघडतं. आतून मराठी ऐकू येतं. नजर हेल्मेटवर येते आणि थांबते. वाचा. आडनाव विचारायचे कष्ट नकोत. आणि मी नको असेन तर कारण सांगा, खरं कारण, चारचौघांत, मोठ्यानं. तोवर मी इथून हलणार नाही.