मापवाल्या मॅडम

मार्चमधला दुसरा मंगळवार, सकाळचे नऊ. रक्कम अठ्ठेचाळीस पौंड. हजर: डेप्युटी हेड, माझी चौदा वर्षांची मुलगी ईरा, मी आणि मापवाल्या मॅडम. आदल्या दिवशी मैत्रिणींना हसवायला ईराने शाळेच्या कॉरिडॉरमध्ये आग विझवायचा सिलिंडर दाबून सगळी पावडर उडवली होती. अठ्ठेचाळीस पौंड तो पुन्हा भरायचे. त्याचं मला काही नव्हतं. पण डेप्युटी हेडना तिला तीन दिवस सस्पेंड करायचं होतं, आणि ते रेकॉर्डवर राहणार होतं.

मॅडम कार्डिफच्या त्या शाळेत मुलांच्या वागणुकीचं पाहत. मूळच्या नागपूरच्या, वडील शिंपी. "शिक्षा मापाची पाहिजे जी," त्या म्हणत. "घट्ट झाली तर पोरगं उसवून टाकते, ढगळ झाली तर अंगालाच लागत नाही."

म्हणून सगळ्यांना एकच डिटेन्शन त्यांना चालत नसे. उशिरा येणाऱ्याला त्या गेटवर नाव घेऊन 'गुड मॉर्निंग' म्हणत आणि उत्तर येईपर्यंत वाट अडवत. च्युइंगगम चिकटवणाऱ्याला बाकांखालचे वीस तुकडे खरवडायला लावत, मोजून. मारामारी करणाऱ्यांना आधी पाणी, मग वेगळ्या खोल्या, मग घरी फोन. एकाच्या दप्तरात चाकू निघाला तेव्हा मात्र त्यांनी थेट पोलिसांना बोलावलं. "तिथं माप घेत बसायचं नसते."

मला सगळं चोख लागतं. सोमवारी संध्याकाळी मी ईराच्या वर्षभरातल्या चुकांची यादी केली होती: उशीर अकरा वेळा, होमवर्क नाही सहा वेळा, बसमध्ये भांडण एकदा. आपण होऊन सगळं सांगितलं की शाळा समजून घेईल, असा माझा अंदाज. मी खिशातून कागद काढला तशी ईरा पुटपुटली, "बाबा, प्लीज नको ना!"

मॅडमनी तो माझ्या हातातून घेतला. "अहो भाऊ, तुम्ही पोरीचे वडील आहात का सरकारी वकील?"

एक ओळही न वाचता त्यांनी कागद टेबलावर पालथा घातला. "आज फक्त कालचं माप घ्यायचं. ईरा, तुझ्यामुळे काम कोणाचं वाढलं?"

ईराने आधी पालथ्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ग्लिनचा. पावडर क्लीन करायला त्याला टू अवर्स लागला." ग्लिन म्हणजे केअरटेकर.

"मग त्याचे दोन तास त्याला परत दे."

मॅडमनी हे इंग्रजीत सांगितल्यावर डेप्युटी हेडनी विचारलं, "आणि पुन्हा केलं तर?"

"तर सस्पेन्शनचं पत्र मीच टाइप करीन."

डेप्युटी हेडनी फाइल मिटली. ईराने तिथेच, माझ्या यादीच्या कोऱ्या बाजूवर, ग्लिनला माफीचं पत्र लिहिलं. पत्राबरोबर यादीही गेल्याचं घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

जुलैमध्ये मॅडम निवृत्त होऊन बर्मिंगहॅमला लेकीकडे निघाल्या. निरोपाला गेलो तेव्हा ग्लिनने कौतुकाने आपलं कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतून ते पत्र डिंकाने पक्कं चिकटवलेलं होतं. यादी लाकडाकडे तोंड करून. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता यादी काढायला जाल तर पत्र फाटेल, भाऊ."

अठ्ठेचाळीस पौंड शाळेच्या ऑफिसात भरले, पावती आहे. दोन तास ग्लिनला मिळाले, अर्धा अर्धा तास करून, चार लंचब्रेकमध्ये. उरलेल्या अठरा चुकांचं कोणालाच काही द्यावं लागलं नाही.